फुलीचं मोल

पाच जण एका अभ्यासिकेत बसतात: अमृता, बाळू, चेतन, दीपाली आणि ईश्वर. सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी एकानं बाकीच्यांना एक विषय समजावून सांगायचा, असं त्यांचं ठरलं. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, विज्ञान आणि राज्यघटना हे विषय एकेकानं वाटून घेतले. कोणी कोणत्या दिवशी काय शिकवलं, एवढंच आपल्याला शोधायचं आहे. माहिती अशी:

१. इतिहास बुधवारी झाला.
२. बाळूच्या लगेच दुसऱ्या दिवशी दीपालीची पाळी होती.
३. विज्ञान ईश्वरनं शिकवलं.
४. भूगोल आणि विज्ञान यांच्या मध्ये नेमके दोन दिवस गेले.
५. चेतननं भूगोल शिकवला नाही आणि राज्यघटनाही नाही.
६. अमृताची पाळी दीपालीच्या नंतर आणि चेतनच्या आधी आली.
७. राज्यघटनेचा दिवस भूगोलाच्या नंतरचा होता.

हे कोडं मी या लेखासाठी रचलं आहे, पण घडण तीच, जी बँकांच्या परीक्षेत, सीसॅटमध्ये आणि बुद्धिमत्ता चाचणीच्या प्रश्नांत भेटते. पुढचं वाचण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटं स्वतः झटून पाहा. उत्तर आलं नाही तरी चालेल. आपण कुठे अडलो हे ठाऊक असलं की पुढचं समजायला सोपं जातं.

पाच जणांना पाच दिवस वाटण्याच्या रीती १२०. प्रत्येक रीतीत पाच विषय पुन्हा १२० तऱ्हांनी वाटता येतात. म्हणजे एकूण शक्यता १४,४००. बरेच विद्यार्थी यातली एखादी मनानं धरतात, विधानांशी ताडून पाहतात, ती मोडली की खोडरबर घेऊन दुसरी धरतात. “समजा बाळू सोमवारी आला…” अशी सुरुवात कानावर आली की मला वाईट वाटतं, कारण त्या मुलाची बुद्धी कमी नसते, त्याला कोणी तक्ता कसा वापरायचा ते दाखवलेलं नसतं.

तक्ता असा आखा. डाव्या बाजूला एकाखाली एक पाच नावं. वर आडव्या ओळीत आधी पाच दिवस, मग त्यांच्याच शेजारी पाच विषय. झाले दोन चौकोनी पट, प्रत्येकी २५ घरांचे. आता नावांच्या खाली, डाव्याच बाजूला, पाच विषय पुन्हा लिहा, म्हणजे वरच्या दिवसांखाली तिसरा पट तयार होतो. पहिल्या पटात माणूस आणि दिवस, दुसऱ्यात माणूस आणि विषय, तिसऱ्यात विषय आणि दिवस. एकूण ७५ घरं. जोडी नक्की जमते तिथे बरोबरची खूण आणि जमूच शकत नाही तिथे फुली. ज्या घराबद्दल काही ठरलेलं नाही ते कोरं ठेवायचं. तिथे प्रश्नचिन्ह, ठिपका, पुसटशी खूण, काहीही करायचं नाही.

आता पहिलं विधान. विषय-दिवस पटात इतिहास आणि बुधवार जिथे मिळतात तिथे बरोबरची खूण. काम इथे संपत नाही, इथे सुरू होतं. इतिहास बुधवारी झाला म्हणजे तो उरलेल्या चार दिवशी नाही, आणि बुधवारी उरलेले चार विषय नाहीत. एका बरोबरच्या खुणेसोबत आठ फुल्या येतात. त्या लगेच, त्याच क्षणी मारायच्या. तिसऱ्या विधानाचंही तसंच: ईश्वर-विज्ञान ही खूण, आणि माणूस-विषय पटात तिच्या ओळीत चार, स्तंभात चार फुल्या. दोन विधानांनी १८ घरं भरली.

पण यापेक्षा मोठी गोष्ट अजून व्हायची आहे. पहिलं विधान एका पटातलं, तिसरं दुसऱ्या पटातलं. दोन्ही एकत्र वाचा. बुधवार इतिहासाचा, आणि ईश्वर विज्ञानाचा. म्हणजे ईश्वर बुधवारी येऊच शकत नाही. ही माहिती कोणत्याही विधानात छापलेली नाही. माणूस-दिवस पटात, ईश्वर-बुधवार या घरात, फुली पडते. तक्त्याची सगळी ताकद या एका हालचालीत आहे: एका पटातली खूण आणि दुसऱ्या पटातली फुली मिळून उरलेल्या पटात फुली. याला मी ‘फुली वाहून नेणं’ म्हणतो. ज्याला हे करायची सवय लागली त्याला कोड्यांची भीती राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरं आणि सहावं विधान मी एकत्र घेतो, कारण दोन्हींत दीपाली आहे. छापलेल्या क्रमानं विधानं सोडवायची असा नियम कुठेही नाही. प्रश्न काढणारे तर मुद्दाम ती विस्कटून ठेवतात. ज्यांत एकच नाव दोनदा येतं ती विधानं शेजारी आणून ठेवावीत. बाळू, त्याला चिकटून दीपाली, त्यानंतर कधीतरी अमृता, त्यानंतर कधीतरी चेतन. चौघांचा क्रम ठरला. दिवस पाच आहेत, म्हणजे एकच जागा मोकळी आणि ती ईश्वरची. बाळूच्या मागे तिघं यायचे आहेत, म्हणून तो बुधवार, गुरुवार, शुक्रवारी नाही. दीपालीच्या आधी एक आणि नंतर दोघं, म्हणून ती सोमवार, गुरुवार, शुक्रवारी नाही. अमृताच्या आधी दोघं आणि नंतर एक, म्हणून ती सोमवार, मंगळवार, शुक्रवारी नाही. चेतनच्या आधी तिघं, म्हणून तो सोमवार, मंगळवार, बुधवारी नाही.

शेवटी मंगळवारकडे पाहा. बाळूला सोमवार किंवा मंगळवार एवढेच दिवस उरले. तो सोमवारी आला तर मंगळवार दीपालीचा, तो मंगळवारी आला तर मंगळवार त्याचाच. दोघांपैकी कोण ते माहीत नाही, तरी मंगळवार या दोघांतच अडकला हे पक्कं. ईश्वरला तिथे जागा नाही. आणखी एक फुली.

माणूस-दिवस पटात आता किती फुल्या आहेत ते मोजा. चौघांच्या प्रत्येकी तीन आणि ईश्वरच्या दोन, अशा १४. पंचवीस घरांपैकी चौदा बंद झाली आणि बरोबरची खूण अजून एकही नाही. नेमक्या याच टप्प्यावर मुलं हताश होतात. “सर, काहीच मिळालं नाही” म्हणतात. खरं तर निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं.

फुलीला कमी लेखण्याची आपली सवय शाळेतून आली असावी. वहीतली लाल फुली म्हणजे चूक. तक्त्यात तिचा अर्थ अगदी वेगळा आहे. ‘अ‍ॅलिस’ची गोष्ट लिहिणारे लुईस कॅरल, म्हणजेच ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन, यांनी १८८६ साली मुलांसाठी ‘द गेम ऑफ लॉजिक’ नावाचं पुस्तक काढलं. त्यासोबत एक आखलेला पट आणि नऊ सोंगट्या होत्या, चार लाल आणि पाच करड्या. लाल सोंगटी म्हणजे या घरात काहीतरी आहे. करडी म्हणजे हे घर रिकामं आहे. आणि सोंगटी नसलेलं घर म्हणजे अजून माहीत नाही. ‘रिकामं आहे’ आणि ‘माहीत नाही’ हे दोन वेगळे, आणि दोघांना वेगळी खूण हवी, हे त्यांनी मुलांच्या हातात सोंगट्या देऊन शिकवलं. आपली फुली म्हणजे ती करडी सोंगटी.

आता पाचवं विधान. चेतनच्या ओळीत भूगोल आणि राज्यघटना बंद. विज्ञान ईश्वरकडे गेलं तेव्हाच बंद झालं होतं. उरले इतिहास आणि अर्थशास्त्र. इथे बरेच जण ‘दोनपैकी एक’ असं म्हणून पुढे सरकतात. थांबा, फुली वाहून नेता येते का पाहा. इतिहास बुधवारचा, आणि चेतनच्या बुधवारवर आपण मघाशी फुली मारली आहे. म्हणजे चेतनचा विषय इतिहास नाही. राहिलं अर्थशास्त्र. चेतन-अर्थशास्त्र, बरोबरची खूण! दुसऱ्या आणि सहाव्या विधानांतून मिळून आलेली एक साधी फुली, पहिल्या आणि तिसऱ्या विधानांतली एकेक खूण आणि पाचव्यातल्या दोन नकारांतून हे उत्तर निघालं. मला या कोड्यातला सगळ्यांत सुंदर क्षण हाच वाटतो.

परीक्षेच्या दृष्टीनं एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ‘चेतनने कोणता विषय शिकवला?’ असा प्रश्न असेल तर तो आत्ताच सुटला. पूर्ण तक्ता भरण्याची वाट पाहायची गरज नाही. म्हणून विधानं वाचून झाली की खालचे प्रश्नही एकदा नजरेखालून घालावेत.

चेतनला गुरुवार किंवा शुक्रवारच मोकळा होता, म्हणून अर्थशास्त्रही गुरुवारी किंवा शुक्रवारी. ईश्वरला सोमवार, गुरुवार, शुक्रवार उरले होते, म्हणून विज्ञानालाही तेच तीन. चौथ्या विधानानुसार भूगोल आणि विज्ञान यांच्यात दोन दिवस हवेत. सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार, याशिवाय अशी जोडी आठवड्याच्या या पाच दिवसांत बसत नाही. तेव्हा तीन वाटा दिसतात: विज्ञान सोमवारी तर भूगोल गुरुवारी, विज्ञान गुरुवारी तर भूगोल सोमवारी, विज्ञान शुक्रवारी तर भूगोल मंगळवारी.

आता मात्र ‘समजा’ म्हणायला हरकत नाही. सुरुवातीच्या ‘समजा’मागे १४,४०० शक्यता होत्या, या ‘समजा’मागे तीनच आहेत आणि तिन्ही मोजून तपासता येतात. फरक फार मोठा आहे.

विज्ञान सोमवारी धरा. भूगोल गुरुवारी, मग सातव्या विधानानुसार राज्यघटना त्यानंतर, म्हणजे शुक्रवारी. पण अर्थशास्त्राला गुरुवार किंवा शुक्रवारच हवा होता. दोन्ही गेले. वाट बंद. विज्ञान शुक्रवारी धरा. भूगोल मंगळवारी, राज्यघटना त्यानंतर. बुधवार इतिहासाचा आणि शुक्रवार विज्ञानाचा, तेव्हा राज्यघटना गुरुवारी. अर्थशास्त्र पुन्हा बेघर. ही वाटही बंद. उरलं विज्ञान गुरुवारी, भूगोल सोमवारी. अर्थशास्त्र शुक्रवारी, राज्यघटना मंगळवारी.

ईश्वर गुरुवारी ठरला की माणसं आपोआप जागेवर बसतात: चेतनला शुक्रवार, अमृताला बुधवार, दीपालीला मंगळवार, बाळूला सोमवार. तक्ता पूर्ण:

सोमवार: बाळू, भूगोल
मंगळवार: दीपाली, राज्यघटना
बुधवार: अमृता, इतिहास
गुरुवार: ईश्वर, विज्ञान
शुक्रवार: चेतन, अर्थशास्त्र

उत्तर आल्यावर सातही विधानं पुन्हा वरून खाली वाचून ताडा. पंधरा सेकंदांचं काम आहे. ते टाळून पाचही प्रश्न चुकलेले मी पाहिले आहेत, कारण एकच चुकीची फुली सगळा तक्ता वाकडा करते.

आता वेळेचा हिशोब. बँकांच्या बऱ्याच पूर्वपरीक्षांत तर्कक्षमतेच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं असतात. एका कोड्यावर पाच प्रश्न असले तर त्यांच्या वाट्याला तीन मिनिटंही येत नाहीत. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण जातात. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेतल्या सीसॅटला दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. तिथे ३३ टक्के मिळवून पात्र व्हायचं असतं, त्यामुळे घाई थोडी कमी. एवढ्या वेळात ७५ घरं आखून कसं चालेल, हा प्रश्न योग्यच आहे.

चालणार नाही, आणि तसं करूही नये. पूर्ण तक्ता घरी सरावासाठी. परीक्षेच्या कच्च्या कागदावर तीनच स्तंभ काढा: दिवस, माणूस, विषय. दिवसांना ठरलेला क्रम आहे, म्हणून ते डावीकडे कायमचे बसवायचे. माणूस आणि विषय पेन्सिलीनं, आणि नकार त्या-त्या दिवसापुढे फुलीसह एका अक्षरात: बुधवारपुढे ‘ई’ लिहून त्यावर फुली. वाटा फुटल्या की एकच तक्ता खोडत बसण्यापेक्षा शेजारी तीन छोटे तक्ते काढावेत. वाटा चारपेक्षा जास्त होत असतील तर एखादं विधान वाचायचं राहिलं आहे असं समजा, आणि तरीही सापडत नसेल तर ते कोडं सोडून पुढे जा. मजले, रांगा, वाढदिवसाचे महिने, डब्यांच्या उतरंडी, सगळ्यांना हीच पद्धत लागू पडते. गोल टेबलाच्या कोड्यात तेवढं एक लक्षात ठेवायचं: तोंड केंद्राकडे असेल तर माणसाचा उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेला येतो.

महिनाभर घरी मोठा तक्ता भरलेल्याच्या डोक्यात तो तक्ता राहतो, आणि तीन स्तंभ लिहितानाही तो फुली वाहून नेतो. थेट छोट्या पद्धतीनं सुरुवात केलेल्यांचं मात्र नेमकं तेच सुटतं. क्लासमध्ये शॉर्टकट आधी शिकवले जातात, हे मला पटत नाही.

आता भाषेबद्दल, कारण बरेच गुण तर्कात नाही तर वाचनात जातात. ‘मंगळवारनंतर दोन दिवसांनी’ म्हणजे गुरुवार. ‘मंगळवार आणि तो दिवस यांच्या मध्ये दोन दिवस’ म्हणजे शुक्रवार. ‘आधी’ आणि ‘लगेच आधी’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे: ‘लगेच’ शब्द असेल तरच दोघं चिकटवायचे, नाही तर मध्ये कितीही दिवस असू शकतात. दुसऱ्या विधानात ‘लगेच’ आहे आणि सहाव्यात नाही. ते चुकून सहाव्यातही धरलंत तर ईश्वरला गुरुवार मिळतच नाही आणि कोडं सुटतच नाही.

मराठीत आणखी एक गंमत आहे, जी इंग्रजी प्रश्नपत्रिकेत बहुधा नसते. आपली क्रियापदं आणि विशेषणं लिंग सांगतात. ‘इतिहास शिकवणारी’ असं लिहिलं की बाळू, चेतन आणि ईश्वर एका झटक्यात बाद होतात. म्हणून चांगले प्रश्नकर्ते ‘शिकवणारी व्यक्ती’ असं लिहितात. ‘व्यक्ती’ हा शब्दच स्त्रीलिंगी, त्यामुळे तिथल्या ‘शिकवणारी’तून काहीही अर्थ काढायचा नाही. २०२१ साली केंद्रानं सरकारी बँकांच्या लिपिक भरतीची पूर्व आणि मुख्य परीक्षा इंग्रजी-हिंदीसोबत १३ प्रादेशिक भाषांतही घ्यावी असं जाहीर केलं, त्यांत मराठी आहे आणि कोकणीही. तेव्हापासून मराठीतून कोडी वाचण्याचा सराव हा वेगळा, मनापासून करण्यासारखा अभ्यास झाला आहे. एमपीएससीच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतात. एखादं विधान दुहेरी अर्थाचं वाटलं तर शेजारची इंग्रजी ओळ पाहायला संकोच करू नका.

या प्रकारच्या कोड्यांतलं सगळ्यांत गाजलेलं कोडं १७ डिसेंबर १९६२ च्या ‘लाइफ इंटरनॅशनल’ नियतकालिकात आलं होतं. पाच घरं, पाच देशांचे रहिवासी, पाच रंग, पाच पेयं, पाच पाळीव प्राणी, पाच सिगारेटी. पाणी कोण पितो आणि झेब्रा कोणाचा, ते शोधायचं. ते आइनस्टाइन यांनी रचलं असं समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी फिरतं, त्याला काहीही पुरावा नाही. घरांच्या क्रमाशी पाच गुणधर्म जोडायचे म्हणजे शक्यता २,४८८ कोटींच्या पुढे. तरी शाळकरी मूल कागदावर ते एका दुपारी सोडवतं, आणि सोडवतं ते फुल्या मारूनच. आपल्या कोड्यावर हात बसला की ते जरूर घ्या.

त्याआधी मात्र आपल्याच कोड्यावर एक प्रयोग करून पाहा. यातून जे शिकायला मिळतं ते नवी पन्नास कोडी सोडवून मिळत नाही. एक विधान बोटानं झाका आणि उरलेल्या सहांवर पुन्हा तक्ता भरा. पाचवं झाकलं तर चार वेगवेगळी उत्तरं निघतात. सातवं झाकलं तर तीन. चौथं झाकलं तरी तीन: एक आपलं, दुसऱ्यात विज्ञान सोमवारी जातं, तिसऱ्यात शुक्रवारी. ही उरलेली दोन पूर्ण करून पाहा. दिवस बदलतात, माणसं सरकतात, पण तिन्हींत चेतनचा विषय अर्थशास्त्रच राहतो. तो का हलत नाही, हे तक्त्यातल्या कोणत्या फुल्यांमुळे ठरलं, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.